पगारपत्रकातली एक ओळ

चाकणच्या कारखान्यात नव्यानं लागलेला पोरगा पगाराची पहिली स्लिप हातात आली की आधी कपातीचा रकाना वाचतो. पी.एफ., ई.एस.आय., कँटीन, बसचे पैसे आणि त्यांच्यात दबून बसलेली एक बारकी ओळ : व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत ती 300 ची होते. वर्षाचे बरोबर 2,500. त्याहून जास्त राज्याला घेता येत नाहीत, राज्यघटनेनंच ती मर्यादा घातलेली आहे. पी.एफ. पुढं परत मिळतो हे त्याला ठाऊक असतं, कँटीनचं जेवण तो रोज जेवतो. या 200 रुपयांचं काय होतं, हे मात्र त्याला माहीत नसतं आणि शेजारच्या मशीनवरच्या जुन्या कामगारालाही नसतं. विचारलंच तर "सरकारी टॅक्स आहे" एवढं उत्तर मिळतं.

हा पोरगा बऱ्याचदा बीडचा, लातूरचा, धाराशिवचा किंवा सोलापूरकडचा असतो. म्हाळुंग्यात, खराबवाडीत, भोसरीत एका खोलीत चौघं मिळून राहतो. गावी कोरडवाहू जमीन असते, एका वर्षी पावसाअभावी आणि दुसऱ्या वर्षी पावसामुळंच गेलेलं सोयाबीन असतं. त्याची आजी अजून असेल तर तिनं बहात्तर साली खडी फोडलेली असते. आजीची खडी आणि नातवाच्या स्लिपवरची ती ओळ एकाच हिशेबातल्या आहेत, आणि त्या हिशेबाची गोष्ट पुणे जिल्ह्यातून सांगायला सोपी जाते.

हा जिल्हाच तसा आहे. लोणावळ्याला वर्षात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून उतरत पिंपरीला आलं की तो सात-आठशेवर येतो, आणि दिवेघाट चढून पुरंदरच्या पूर्वेच्या गावांत गेलं की पाचशेच्याही खाली. हे सगळं शंभर किलोमीटरच्या आत. पश्चिमेला भाताची खाचरं, पूर्वेला बाजरी आणि आकाशाकडं लावलेले डोळे. धरणं पश्चिमेला, तहान पूर्वेला.

खेड्यात अजूनही म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की "बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो" असा हात करून हिशेब निघतो. खरं तर तो दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. 1970 ला पाऊस कमी पडला, 1971 ला आणखी कमी, आणि 1972 ला त्यानं पाठच फिरवली. खरीप गेला, ओल नसल्यामुळं रब्बीची ज्वारी पेरलीच गेली नाही. पहिल्या वर्षी घरातलं धान्य संपलं, दुसऱ्या वर्षी बायकांच्या अंगावरचं किडुकमिडुक सावकाराकडं गेलं, तिसऱ्या वर्षी दावणीची जनावरं. माणूस दुष्काळात एकदम मोडत नाही, तो असा पायरीपायरीनं उतरतो. बैल विकला गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी पेरायचं कशानं, हा प्रश्न उरतोच. म्हणून दुष्काळ संपल्याची तारीख सरकारी कागदावर वेगळी असते आणि घरात वेगळी.

त्याच वर्षांत पिंपरीत काय चाललं होतं? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 पासून उभी होती. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ झालं आणि भोसरी-पिंपरी-आकुर्डीच्या माळावर प्लॉट पडले. बजाजची स्कूटर आकुर्डीतून निघत होती, टेल्को वाढत होती, आणि 1970 साली चार गावं मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. पवनेवरचं धरणही बहात्तरच्या आगंमागंच पुरं झालं. म्हणजे दिवेघाटाच्या अलीकडं पाळीचे भोंगे वाजत होते आणि पलीकडं दुष्काळी कामांवर हजेरीची शिट्टी. मधलं अंतर एस.टी.च्या दोन-तीन तासांचं.

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या वर. लहान मुलं, म्हातारी आणि शहरं वगळून पाहिलं, तर खेड्यातल्या दर चार माणसांतला एक तरी घमेलं घेऊन उभा होता असंच म्हणावं लागतं. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि दुसरं काहीच सुचलं नाही तिथं खडी. पाटलाची सून आणि तिच्या शेतावर राबणारी बाई एकाच ढिगाशी बसून दगड फोडत होत्या, ही गोष्ट त्या पिढीतले लोक अजून आवाज खाली करून सांगतात. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपये, तीही मोजमाप घेणाऱ्या मिस्त्रीच्या टेपवर आणि मुकादमाच्या मर्जीवर. दुपारी सुकडी मिळायची, पीठ, गूळ आणि तेल यांचा तो कोरडा भुगा. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिची भाकरी थापली की तव्यावरच भेगाळायची. आपल्याकडं जनावरांना घालतात असलं धान्य, असं म्हणत लोकांनी ती खाल्ली आणि जगले.

जगले, हे इथं महत्त्वाचं आहे. पिकांचं उत्पादन पाहता या वर्षांत लाखो माणसं मरायला हवी होती. त्याच काळात आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात दुष्काळानं माणसांचे आणि गुरांचे बळी घेतले. इथं हाल झाले, कुपोषण झालं, पण भूकबळींची रांग लागली नाही. धान्य कुठून आलं? काही सरकारनं आणलं. बरंचसं मात्र जिल्हाबंदी आणि राज्यबंदी चुकवून, रात्रीच्या ट्रकांतून व्यापाऱ्यांनी आणलं, कारण आठवड्याच्या आठवड्याला लाखो हातांत थोडा का होईना पैसा पडत होता. खिशात पैसा असेल तर धान्य वाट काढतं. नसेल तर भरल्या कोठारासमोर माणूस उपाशी मरतो. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी पुढं दुष्काळावर जे लिहिलं, त्यात महाराष्ट्राचं हे उदाहरण वारंवार येतं ते यासाठी.

ही समज नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखानं तिची किंमत मोजली होती. 1876 ते 78 चा दुष्काळ पडला तेव्हा ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेल असा हिशेब बसवला होता. मुंबई इलाख्यात ही मजुरी लागू झाली आणि 1877 च्या सुरुवातीला हजारो मजूर कामं सोडून चालते झाले. उपाशी माणसांचा तो संप होता, आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडं अर्जांमागून अर्ज धाडत होती. त्यातून आणि त्या दुष्काळातल्या मृत्यूंतून पुढं दुष्काळ आयोग बसला, फॅमिन कोड आले. 1972 च्या कलेक्टरच्या टेबलावर जी टंचाईची नियमपुस्तिका होती, तिचं मूळ तिथंच होतं. आणेवारी काढायची, टंचाई जाहीर करायची, कामं उघडायची. सगळं संकट आल्यानंतरचं. आधी काय करायचं, यावर त्या पुस्तिका गप्पच असत.

आधी काय करायचं हे सांगणारा एक माणूस मात्र त्याच काळात होता. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, तिथून ते पुरंदर तालुक्यातल्या खानवडीत आलं. 1877 च्या दुष्काळात त्यांनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला अन्नाविना भटकणाऱ्या मुलांसाठी आश्रम चालवला. त्यानंतर सहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी सरकारला सुचवलं, की फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांना लावून डोंगर-टेकड्यांवर अशा ताली आणि बंधारे घालून घ्यावेत की पावसाचं पाणी शेतात मुरत मुरत खाली यावं आणि मग ओढ्या-नद्यांना मिळावं. आज यालाच पाणलोट विकास म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. हा माणूस समाजसुधारक म्हणून आपण डोक्यावर घेतला, शेतीतला जाणकार म्हणून मात्र वाचलाच नाही.

आता त्या 200 रुपयांकडं. वि. स. पागे हे सांगलीकडचे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1960 पासून 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती. गांधीवादी, संत-साहित्यात रमणारे, सभागृहात आवाज न चढवणारे. साठीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला : काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं, आणि ते काम शेतीच्या उपयोगाचं असलं पाहिजे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. 1972 साली ही योजना राज्याची म्हणून जाहीर झाली, आणि लगेच दुष्काळी कामांच्या लोंढ्यात तिचं वेगळेपण बुडालं. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा वर आली. मग पैशाचा प्रश्न आला.

त्याचं उत्तर म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं, दुकानदारानं, वकील-डॉक्टरनं दरमहा काही रुपये द्यायचे, बागायती जमिनीवर, विक्रीकरावर, मोटारींवर थोडा अधिभार लावायचा, आणि जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. 1977 साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात संमत झाला, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या. काम मागणं हा हक्क, आणि तो कोर्टात सांगता येण्याजोगा. जगात अन्यत्र कुठं असा कायदा नव्हता. दिल्लीला तो पटायला पुढं सव्वीस वर्षं लागली, तिथं 2005 साली कायदा झाला आणि 2006 च्या फेब्रुवारीपासून अमलात आला.

यात निव्वळ कळवळा होता असं मानायचं कारण नाही. बहात्तरमध्ये पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर येऊन पडलेली कुटुंबं शहरानं पाहिली होती. गावाकडची माणसं गावाकडंच थांबावीत, यासाठी महिन्याला चार रुपये देणं शहराला परवडणारं होतं. बड्या बागायतदारालाही योजना सोयीची वाटली, कारण मजूर गावातून उठून जात नव्हता आणि पाझर तलावाचं पाणी बहुतेक वेळा त्याच्याच विहिरीला लागत होतं. बोगस हजेरीपट झाले, मेलेल्या माणसांच्या नावानं अंगठे उठले, निधी वर्षानुवर्षं पडून राहिला असे आरोप झाले. तरीही पुढच्या दुष्काळांत आमच्या खेड्यांतली बाई रोज कामावर जाऊ शकली आणि तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. 1990 नंतर याच योजनेतून फळबागा लागल्या. पुरंदरचं सीताफळ चाकण-भोसरीच्या रस्त्यावर टोपलीत दिसतं, तेव्हा मला तरी आधी हजेरीपट आठवतो.

पण रोजगार हमी ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी पुरंदरच्या नायगावात घडली, आणि ती घडवणारा माणूस कारखानदार होता.

विलासराव साळुंखे इंजिनिअर. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवण्याचा त्यांचा कारखाना. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक पकडणं हा त्यांचा धंदा. बहात्तरच्या दुष्काळात ते पुरंदरमध्ये गेले आणि हजारो माणसं खडी फोडताना पाहून आले. एका इंजिनिअरला पडावा तसा प्रश्न त्यांना पडला : एवढे हात, एवढे महिने, एवढा पैसा, आणि हाती काय लागणार, तर खडीचे ढीग? पुढच्या वर्षी पाऊस हुकला की पुन्हा तेच ढीग. 1974 मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं आणि नायगावात देवस्थानची 40 एकर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. कुणाच्या नजरेत भरावी अशी ती नव्हतीच, मुरमाड उतार, वर गवतही धड नाही. पत्नी कल्पनाताईंसह ते तिथंच राहायला गेले.

काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं. उताराला आडवे बांध, पायथ्याशी पाणी अडवायला तळं, तळ्याच्या खाली विहीर, विहिरीतून पाणी पुन्हा वर. माथ्यापासून पायथ्याकडं. आपल्या पायाखालचा काळा कातळ पाणी फार धरत नाही. वरची मऊ, कुजलेली मुरमाची पाठ आणि खडकातल्या भेगा, एवढीच त्याची साठवण. तेवढी भरून घ्यायची आणि पावसाळा सरल्यावर बेतानं वापरायची. दोन-चार वर्षांत त्या 40 एकरांत धान्य उभं राहिलं. गावकरी बघायला आले आणि म्हणाले, आमच्या शिवारातही करा.

इथंवर ही गोष्ट अनेकांच्या गोष्टीसारखी आहे. साळुंखे वेगळे ठरले ते पुढच्या प्रश्नावर : अडवलेलं पाणी कुणाचं? कायद्यानं आणि वहिवाटीनं उत्तर ठरलेलं होतं. ज्याची जमीन त्याची विहीर, ज्याची विहीर त्याचं पाणी, आणि ज्याच्याकडं मोठी मोटर त्याचं जास्त पाणी. साळुंखेंनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं, म्हणजे गावकऱ्यांच्या गटांनी, हे उलटं केलं. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. घरात जितकी माणसं तितके अर्धे एकर, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. वीस एकरवाल्यालाही अडीच एकरांचंच. भूमिहीनालाही त्याचा वाटा, तो त्यानं कुणाच्या जमिनीवर वाट्यानं शेती करून वापरावा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडं परत येईल. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. वाटपाला गटानं नेमलेला पाटकरी. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटची अट ऐकून आजही पश्चिम महाराष्ट्रात माणूस आधी हसतो. उसाशिवाय बागायत म्हणजे काय? पण हिशेब सरळ होता. एका एकर उसाला लागतं त्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी, गहू, हरभरा, भाजीपाला भिजतो. त्या गावांत घरटी वर्षाचं धान्य घरातच पिकणं आणि कामासाठी बाहेर जावं न लागणं, एवढंच ध्येय धरलं होतं. पुरंदरमध्ये आणि आसपास अशा बऱ्याच योजना उभ्या राहिल्या. राळेगण सिद्धीला परतलेले अण्णा हजारेही साळुंखेंचं काम पाहून गेले होते.

मोजमापाचा माणूस असल्यामुळं असेल, साळुंखेंनी दुष्काळाची तयारी ही मुख्यतः वाटणीची गोष्ट आहे हे ओळखलं. पाऊस कमी पडला की सगळ्यांच्या वाट्याचं थोडं थोडं कमी करायचं, एकाचं शून्य आणि दुसऱ्याचं पूर्ण असं करायचं नाही. आणि हे पाऊस पडायच्या आधी, डोकी शांत असताना, कागदावर लिहून ठेवायचं. पाण्यासाठी भांडण लागल्यावर कुणी न्याय करत नाही.

1972 नं महाराष्ट्राला असे दोन हक्क सुचवले. कामाचा हक्क कायदा झाला, कारण त्याचा खर्च शहरानं उचलला आणि गावातल्या कुणाचं काही काढून घेतलं गेलं नाही. माणशी पाण्याचा हक्क कायदा झाला नाही. त्यात ज्याच्याकडं जास्त त्याचं कमी होत होतं. 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, पाणी वापर संस्था आल्या, पण त्यांत पाणी पुन्हा जमिनीच्याच मापानं. विलासराव 2002 मध्ये गेले. बहात्तरनंतर गावोगाव यांत्रिक बोअर आले, आधी पिण्याच्या पाण्यासाठी, मग शेतीसाठी, आणि विहिरी आटत गेल्या. म्हणूनच 2013 च्या दुष्काळात म्हातारी माणसं म्हणायची, की बहात्तरला धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी तरी होतं.

आणि शहर? ते वाढत गेलं. 1999 मध्ये बजाज चाकणला गेली, 2009 मध्ये फोक्सवॅगन सुरू झाली, कांद्याच्या बाजारानं ओळखलं जाणारं चाकण मोटारींचं गाव झालं. शहराला पाणी लागलं. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद नळातून पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदीत पाणी सोडलं तर काठच्या मोटरींना मिळतं, नळात घातलं तर मिळत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. खेड तालुक्यातलं भामा आसखेड शेतीसाठी म्हणून बांधलं गेलं, त्याचंही पाणी शहरांकडं वळलं. माणशी किती आणि कुणाला, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं.

पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या घरांतून आणि कारखान्यांतून वापरलं जातं, काही शुद्ध होऊन आणि काही तसंच नदीत परततं. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, पुण्यात मुळेला मुठा मिळते, आणि शहराच्या पूर्वेला मुळा-मुठेतून हे पाणी मोठमोठ्या पंपांनी उचलून डोंगरावर चढवलं जातं. त्या योजनेचं नाव पुरंदर उपसा सिंचन. फुल्यांच्या आणि साळुंखेंच्या तालुक्यात आज हे पाणी पोचतं, पैसे भरून, मागणी नोंदवून, पाळीप्रमाणं. तलावात पडताना कधी त्याला फेस असतो आणि वास असतो. तरी शेतकरी ते घेतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच तालुक्यातल्या कऱ्हा नदीला असा पूर आला की काठची माणसं वाहून गेली, आणि उन्हाळ्यात त्याच भागात टँकर फिरतात. पाऊस आता पूर्वीच्या हिशेबानं येत नाही, एकदम येतो आणि मग महिनाभर येत नाही. बांध घातलेला उतार अशा पावसातही काही पाणी धरून ठेवतो, उघडा उतार माती घेऊन जातो.

गेल्या काही वर्षांत या तालुक्याकडं दुसऱ्याच नकाशावरून पाहिलं जातंय. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकण-खेडकडं होणार होता. तिथं विरोध झाला, जमिनीचे प्रश्न निघाले, आणि 2016 मध्ये तो पुरंदरला हलवायचं ठरलं. संपादनाच्या यादीतल्या गावांत खानवडी आहे. गावकरी मोर्चे काढतात, सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा दाखवतात. त्यातल्या कितीतरी बागा नव्वदीत रोजगार हमीतून लागलेल्या आहेत, म्हणजे पिंपरीतल्या कुणा टर्नरच्या, भोसरीतल्या कुणा फिटरच्या पगारातून दरमहा कापून घेतलेल्या पैशातून. तो फिटर आता रिटायर झाला असेल. त्याला हे कुणी सांगितलेलं नसेल.